परदेशात पोलीस व्हायचंय? पुण्यातून नेहमी येणारे प्रश्न

पेरूगेट आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये आता एक नवा विषय निघतो. भरतीत मेरिट थोडक्यात हुकलेली, पीएसआयच्या वयाची मर्यादा जवळ आलेली किंवा कोथरूड-वाकडमधली, बारावीनंतर तसंही बाहेर जाणार असलेली मुलं विचारतात, "वर्दी तिकडे मिळेल का?" हे पान त्यांच्यासाठी आहे, आणि खर्च करणाऱ्या त्यांच्या आईवडिलांसाठीही.

पुण्यात बसून ऑनलाइन अर्ज केला, निवड झाली आणि व्हिसा आला, असं होतं का?

नाही. नवख्या भारतीय उमेदवाराला शिपाई म्हणून घेण्यासाठी व्हिसा देणारं पोलीस दल ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड यांपैकी कुठेही नाही. तिथे पोलीस व्हायला तुम्ही आधीच त्या देशाचे नागरिक किंवा कायमचे रहिवासी असावे लागता, आयर्लंडमध्ये निदान काही वर्षं तिथे राहिलेले. ऑस्ट्रेलियातली काही राज्यं बाहेरून माणसं घेतात, क्वीन्सलंडने तर २०२३ मध्ये त्यासाठी तिथल्या केंद्र सरकारशी खास करार केला. पण ती भरती आधीच पोलीस असलेल्या, अनुभवी लोकांची.

क्रम असा आहे: आधी दुसऱ्या कामावर तिथे स्थिरावायचं, मग वर्दीसाठी अर्ज. हा क्रम उलटा करून दाखवतो असं जो सांगेल, त्याच्या ऑफिसातून चहासुद्धा न घेता उठा.

देशांचे नियम थोडक्यात सांगाल?

ब्रिटन: भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे भारतीय पासपोर्टवरही तिथे कॉन्स्टेबल होता येतं. मुख्य अट अशी, तुमच्या राहण्यावर कसलीही मुदत किंवा बंधन नको, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा शिक्का हवा. शिवाय पार्श्वभूमीच्या चौकशीसाठी साधारण मागची तीन वर्षं तिथेच राहिलेलं असावं लागतं.

कॅनडा: ऑन्टारिओत २०१९ चा नवा पोलीस कायदा १ एप्रिल २०२४ ला लागू झाला. त्यानुसार नागरिक किंवा पीआर (म्हणजे कायमचा रहिवासी), वय १८ आणि बारावीच्या तोडीचं शिक्षण एवढं पुरतं. केंद्राच्या पोलीस दलाला, म्हणजे आरसीएमपीला, पीआर उमेदवार चालतो, पण मागच्या पाचांपैकी तीन वर्षं त्याने पीआर म्हणून कॅनडात काढलेली हवीत. त्यांचं प्रशिक्षण रेजायनाला, २६ आठवड्यांचं. पुढे नेमणूक देशात कुठेही होऊ शकते. टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनचं स्वप्न बघून गेलेला माणूस उणे तीस अंशांतल्या, काहीशे वस्तीच्या गावात पोहोचतो, हे धरून चाला.

ऑस्ट्रेलिया: व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांत पीआर चालतो. ऑस्ट्रेलियन फेडरल पोलीसला मात्र नागरिकत्वच लागतं.

न्यूझीलंड: नागरिकत्व किंवा रहिवासाचा हक्क.

आयर्लंड: तिथल्या पोलिसांना गार्डा म्हणतात. युरोपबाहेरच्या माणसाने मागच्या आठ वर्षांत एकूण चार वर्षं आयर्लंडमध्ये काढलेली हवीत आणि त्यातलं शेवटचं वर्ष सलग.

जर्मनी: काही राज्यं परदेशी नागरिकांनाही घेतात, पण जर्मन भाषा कामकाजापुरती असून भागत नाही. रात्री दोन वाजता भांडणाऱ्या नवराबायकोंना आवरता येईल इतकी यायला हवी.

आणि अमेरिका? मावसभाऊ न्यू जर्सीत आहे.

मावसभाऊ असू दे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नागरिकत्व मागतात. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांत नेमणुकीच्या वेळी तुम्ही नागरिक असायलाच हवं. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२३ पासून ही अट काढली, कायदेशीर काम करण्याची परवानगी असलेला माणूस तिथे अर्ज करू शकतो. पण नोकरीच्या वाटेने जाणाऱ्या भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की विशीतल्या मुलाने पोलीस व्हायचं म्हणून अमेरिका निवडणं मला शहाणपणाचं वाटत नाही. लग्नाने किंवा कुटुंबाच्या अर्जावर जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

म्हणजे एकूण किती वर्षं धरायची?

ब्रिटनचा हिशेब करून बघू. एक वर्षाची मास्टर्स. त्यानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळणार. त्या मुदतीत स्पॉन्सर करणारी, म्हणजे तुमच्या व्हिसासाठी मालक पुढे येईल अशी नोकरी शोधायची, आणि जुलै २०२५ पासून त्यासाठी पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे. ती मिळाली की पाच वर्षांनी कायमचं वास्तव्य. विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षं त्या पाचांत धरत नाहीत. झाली सात-आठ वर्षं. त्यात हा पाच वर्षांचा काळ दहापर्यंत न्यायचा प्रस्ताव तिथल्या सरकारने २०२५ मध्ये मांडला, त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी नियम काय आहे हे सरकारी संकेतस्थळावरच बघा, यूट्यूबवर नको.

कॅनडात पीआर लवकर मिळू शकतो, पण तो गुणांवर मिळतो आणि गुणांची रेषा वरखाली होते. भाषेचे गुण तिथे फार मोलाचे. फ्रेंच चांगलं येत असेल तर रस्ता बराच सोपा होतो. रानडे इन्स्टिट्यूटला परदेशी भाषांचे वर्ग वर्षानुवर्षं चालतात, आणि आलियाँस फ्राँसेजही पुण्यात आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असतानाच फ्रेंच सुरू केलंत, तर महागड्या कन्सल्टंटपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

एवढी वर्षं थांबलो तर वय निघून जाईल ना?

ही भीती आपल्या भरतीने लावलेली आहे. इथे शिपाई भरतीला खुल्या गटात २८ आणि मागासवर्गीयांना ३३ ही रेषा. पीएसआयला ३१ आणि ३४. एकदा ओलांडली की विषय संपला. ब्रिटनमध्ये आणि कॅनडात तशी वरची मर्यादा नाही. आयर्लंडने तर ३५ ची मर्यादा वाढवून ५० केली. बत्तिसाव्या वर्षी नर्सची किंवा गोदाम-मॅनेजरची नोकरी सोडून पोलीस प्रशिक्षणाला आलेला माणूस तिकडे अजिबात विचित्र दिसत नाही, उलट मुलाखतीत त्याच्याकडे सांगायला काहीतरी असतं.

तेव्हा बाविसाव्या वर्षी घाई करून चुकीचा कोर्स घेण्यापेक्षा, ज्या कामाला त्या देशात मागणी आहे ते काम शिका. नर्सिंग, इलेक्ट्रिशियनचं काम, आयटी, शिक्षकी, जे तुम्हाला झेपेल ते.

पण तिथे "पोलिसिंग"ची डिग्रीच आहे. तीच घेतली तर सोपं नाही का जाणार?

सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ब्रिटनमध्ये प्रोफेशनल पोलिसिंग नावाची तीन वर्षांची पदवी आहे. विद्यार्थी व्हिसावर ती घेता येते आणि विद्यापीठ आनंदाने प्रवेशही देतं. पण ती पदवी मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत पोलीस दलात दाखल व्हावं लागतं, नाहीतर भरतीसाठी तिचा खास उपयोग उरत नाही. आता वरचा हिशेब आठवा. पदवीनंतर कायमचं वास्तव्य मिळायलाच सहा-सात वर्षं लागणार. म्हणजे तुम्ही पात्र व्हाल तेव्हा पदवीची मुदत उलटून गेलेली असेल. शिवाय ही पदवी घेऊन ४१,७०० पौंडांची स्पॉन्सर नोकरी कोण देणार? पोलीस दल देऊ शकत नाही आणि बाकीच्यांना या पदवीची गरज नाही. माहितीपुस्तकात हे दोन नियम शेजारीशेजारी छापलेले नसतात.

कॅनडात पोलीस फाउंडेशन्स हा कॉलेजचा दोन वर्षांचा डिप्लोमा. ऑन्टारिओत कॉन्स्टेबल व्हायला तो सक्तीचा नाही. आणि १ नोव्हेंबर २०२४ पासूनच्या नियमानुसार डिप्लोमावाल्यांना शिक्षणानंतरचं वर्क परमिट ठरावीक क्षेत्रांतल्या कोर्सनाच मिळतं: आरोग्य, बांधकामातली कौशल्यं, वाहतूक, विज्ञान-तंत्रज्ञान वगैरे. आपला कोर्स त्या यादीत आहे का हे फी भरायच्या आधी कोर्स कोडवरून तपासायचं. कॉलेजच्या दलालाला विचारून नाही.

गुन्हेगारीशास्त्र आवडतच असेल तर जरूर शिका. पण "पोलीस होण्यासाठी" म्हणून त्यावर तीस-चाळीस लाखांचं कर्ज काढू नका.

माझी उंची १६२ आहे. इथे मैदानात मोजपट्टीवरच बाद झालो.

महाराष्ट्रात पुरुषांना १६५ आणि महिलांना १५५ सेंटिमीटर लागते. ब्रिटन आणि कॅनडात किमान उंचीची अटच नाही. चष्म्याचे नियम दलागणिक वेगळे आहेत, रंगांधळेपणा असेल तर आधीच तपासून घ्या.

मैदानी चाचणी इथल्यापेक्षा अवघड असते का?

आपल्या मुलांना ती सोपी वाटेल. १६०० मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत पळून पूर्ण गुण घेणाऱ्या मुलाला इंग्लंडची ब्लीप टेस्ट म्हणजे वॉर्मअप. १५ मीटरच्या दोन रेषांमध्ये बीपच्या तालावर ये-जा करायची, ५.४ या पातळीपर्यंत. एकूण सव्वापाचशे मीटर, साडेतीन मिनिटांच्या आसपास. मात्र तिथे वळणं असतात आणि सरळ ट्रॅकवर पळणाऱ्याचा दम वळताना जातो. घराच्या पार्किंगमध्ये दोन खुणा करून सराव करता येतो.

खरी अडचण वेगळीच: पोहणं. ऑस्ट्रेलियातल्या काही राज्यांत आणि न्यूझीलंडमध्ये पोहण्याची चाचणी असते. टिळक तलावावर एक उन्हाळा घालवा.

इंग्रजीचं काय? आयईएलटीएसला सात आहेत.

सात चांगले आहेत, प्रवेशासाठी. पोलिसाचं काम वायरलेसवर चालतं. वाऱ्यात, सायरनमध्ये, दारू प्यायलेल्या ग्लासगोकराचं बोलणं समजून घेऊन तेच न्यायालयात टिकेल अशा चार वाक्यांत लिहायचं असतं. अहवाल लिहिता येणं ही तिथली अर्धी नोकरी. मराठी माध्यमाच्या मुलांनी याचा धसका घेऊ नये, पण दुकानात, हॉस्पिटलात, कॉल सेंटरवर, जिथे अनोळखी लोकांशी सतत बोलावं लागतं अशी नोकरी तिथे मुद्दाम करावी. चारही रूममेट पुण्याचे, स्वयंपाकघरात मराठी आणि ऑफिसात हेडफोन, अशी पाच वर्षं काढली तर गाडी जिथल्या तिथे. हिंदी, गुजराती, पंजाबी समजत असेल तर ते अर्जात लिहा, त्याला किंमत आहे.

चौकशीत नेमकं काय बघतात?

सगळं. गुन्ह्यांची नोंद तर झालीच, पण थकलेली कर्जं, क्रेडिट कार्ड, सोशल मीडिया, जवळचे नातेवाईक, जुने मालक, घरमालक. आरसीएमपीत पॉलिग्राफही होतो. मशीनपुढे बसवून विचारतात: कधी नोकरीत चोरी केलीत? अर्जात काही लपवलंत?

आपली मुलं ज्या गोष्टीत अडकतात ती विद्यार्थीदशेतली आहे. कॅनडात सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येतं, ब्रिटनमध्ये २०, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८. रेस्टॉरंटवाला म्हणतो, बाकीचे तास रोख देतो, कागदावर काही येणार नाही. रूममेट करतोच आहे, हप्ता जवळ आलाय, आणि बाबांकडे मागायची लाज वाटते. मग दर शनिवारी पाकीट सुरू होतं. वर्षभराने विसरूनही जातो. सहा वर्षांनी चौकशी अधिकारी फक्त एवढंच विचारतो, "त्या वर्षी तुमची फी आणि भाडं कशातून भरलंत?" बँकेच्या नोंदी आणि कराचं विवरण त्याच्यासमोर असतं. व्हिसाच्या अटी मोडल्या, कर बुडवला, आणि आता खोटं बोललात तर तिसरा गुन्हा. पोलिसाच्या नोकरीत खोटेपणाला सगळ्यात कमी माफी आहे, कारण उद्या त्याच माणसाची साक्ष न्यायालयात ग्राह्य धरायची असते.

इथून काढलेलं शैक्षणिक कर्जही वेळेवर फेडा. सांगलीच्या मामांना जामीन ठेवून निघून जाणारे मला भेटलेत.

गणपतीत मंडळावर डीजेची केस झाली होती, माझं नाव त्यात आहे. संपलं का सगळं?

संपलं नाही, पण लपवू नका. केस कुठल्या कलमाखाली आहे, आरोपपत्र गेलं का, दंड भरून निकाली निघाली का, याचे कागद वकिलाकडून आत्ताच काढून घ्या. परदेशी दलांच्या अर्जात अटक, आरोप आणि शिक्षा हे वेगवेगळे विचारतात, तेव्हा प्रत्येकाचं उत्तर कागदाला धरून द्यायचं. दंड भरून मिटलेलं ध्वनिप्रदूषणाचं प्रकरण समजावून सांगता येतं. अर्जात "नाही" लिहिलं आणि नंतर निघालं, तर ते समजावता येत नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस मात्र जड जाते.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवेमार्फतच मिळतं, पडताळणी पत्त्यानुसार होते. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे, त्यामुळे पासपोर्टवर पत्ता जुना आणि राहायला वाकडला अशी स्थिती असेल तर आधी पत्ता नीट करा. आणि हेल्मेटचे ई-चलान भरून टाका. त्यामुळे कोणी नापास होत नाही, पण पोलीस व्हायला निघालेल्याची चौदा चलानं थकलेली असणं शोभत नाही.

भारतीय नागरिकत्व सोडावं लागेल?

पोलीस होण्यासाठी लगेच नाही. ब्रिटन, ऑन्टारिओ, व्हिक्टोरिया, न्यूझीलंड इथे कायमचा रहिवासी भारतीय पासपोर्ट ठेवून वर्दी घालू शकतो. पुढे तिथलं नागरिकत्व घेतलंत तर भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ स्पष्ट आहे, दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड घ्यायचं. त्यावर येणं-जाणं, राहणं, फ्लॅट घेणं चालतं. मतदान आणि सरकारी पद नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. मुळशी, मावळ, जुन्नरकडची मुलं हा शेवटचा मुद्दा नेहमी विचारतात: वडिलोपार्जित जमीन वारसाहक्काने येऊ शकते, नवी खरेदी करता येत नाही. भावाभावांतल्या वाटण्या सातबाऱ्यावर आधीच लावून घेतलेल्या बऱ्या.

आईचा प्रश्न: तिकडे पोलिसांवर गोळीबार होतो म्हणे.

काकू, देशादेशांत फरक आहे. ब्रिटनमधले बहुतेक पोलीस, न्यूझीलंडचे गस्तीवरचे आणि आयर्लंडचे गणवेशातले पोलीस रोजच्या कामात बंदूक बाळगत नाहीत. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत बाळगतात. धोका कुठेच शून्य नाही. पण बातम्यांत दिसतं ते बहुधा अमेरिकेचं असतं, आणि तिकडे न जाण्याबद्दल वर लिहिलंच आहे.

मुलींसाठी काही वेगळं आहे?

नियम तेच. इंग्लंडच्या ब्लीप टेस्टला मुलामुलींची पातळी एकच आहे. घरचे "नाइट ड्युटी" म्हणून नाक मुरडतात, पण त्याच घरच्यांना नर्सिंगची नाइट चालते.

आधी महाराष्ट्र पोलिसांत भरती झालो, तर तो अनुभव तिकडे चालेल?

ज्येष्ठता म्हणून नाही. तिकडे प्रशिक्षण पहिल्यापासून. मुलाखतीत मात्र उपयोग होतो. एक अडचण लक्षात घ्या: नोकरीत असताना पासपोर्टसाठी विभागाला कळवावं लागतं आणि परदेशी जायला रजा-परवानगी लागते.

वर्दी इथली ठेवून परदेशात काम करायचा मान्य मार्ग संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा आहे. भारताने २००७ मध्ये लायबेरियाला पाठवलेलं पथक महिलांचं होतं, आणि किरण बेदींनी संयुक्त राष्ट्रांच्या पोलीस सल्लागार म्हणून काम केलं आहे. तिथे वैयक्तिक अर्ज चालत नाही, सेवेतल्या माणसाला सरकार पाठवतं.

इंटरपोलची परीक्षा कधी असते?

इंटरपोलची अशी भरती परीक्षा नसते. ते देशोदेशीच्या पोलिसांमधला दुवा आहे, मुख्यालय फ्रान्समधल्या ल्याँला. तिथे बरेचजण आपापल्या देशाच्या पोलिसांतून प्रतिनियुक्तीवर येतात. इंटरपोलच्या नावाने फी मागणारा क्लास दिसला तर पुण्याच्या सायबर पोलिसांना कळवा.

एक एजंट म्हणतोय, आखातात पोलीस हेल्पर, दोन लाख भरा, महिन्यात व्हिसा.

नका भरू. नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्या एजंटाची १९८३ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येते. त्याने घ्यायच्या सेवाशुल्कालाही मर्यादा आहे: ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. आणि "हेल्पर" हा शब्द ऐकला की सावध व्हा. रशियात सुरक्षा हेल्परची नोकरी म्हणून नेलेली भारतीय मुलं युक्रेनच्या आघाडीवर पोहोचली, आणि सीबीआयने मार्च २०२४ मध्ये त्या एजंटांवर गुन्हा नोंदवला.

विद्यार्थी व्हिसाच्या एजंटांबाबतही तेच. खोटं ऑफर लेटर किंवा फुगवलेला बँक बॅलन्स जोडला तर सही तुमची असते. कॅनडा पाच वर्षं बंदी घालतो, ब्रिटन दहा. आणि बंदी उठली तरी पोलीस चौकशीत ती कायम दिसते.

पगार?

इंग्लंडमध्ये सुरुवात वर्षाला तीस हजार पौंडांच्या आसपास, लंडनला भत्ते वेगळे. म्हणजे स्पॉन्सर नोकरीच्या किमान मर्यादेपेक्षाही कमी. आयटीतून वर्दीत जाणाऱ्याने पगार घटणार हे घरी आधी सांगून ठेवावं, विशेषतः लग्न ठरत असेल तर. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात स्थिती याहून बरी आहे.

मी आत्ता टीवायला आहे. या सहा महिन्यांत काय करू?

पुणे विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढायला वेळ लागतो, तो अर्ज आधी. पासपोर्टवरचं नाव, आडनाव आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का बघा. "श" आणि "ष"च्या स्पेलिंगवरून अर्ज महिनोन्‌महिने अडलेले आहेत. चारचाकी शिका, फक्त आरटीओच्या चाचणीपुरती नाही. लायसन्स जितकं जुनं तितकं बरं, कारण तिकडे बऱ्याच दलांना तिथलं पूर्ण लायसन्स लागतं आणि ते मिळवताना इथला जुना अनुभव काही ठिकाणी धरतात. इन्स्टाग्रामवरचे तलवारीने केक कापतानाचे फोटो तुमचे असतील तर ते काढा. मित्राच्या प्रोफाइलवर तुम्ही टॅग असाल तर त्यालाही फोन करा.